यूझनेट

संगणकांच्या द्वारे लेखी चर्चा करण्यासाठी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९७९–८० मध्ये निर्माण झालेले, कोणाच्याही मालकीचे नसलेले संदेशवहनाचे जाळे. एकमेकांना कधीही न पाहिलेल्या माणसांचे संगणकीय समाज कसे जमतात व कशामुळे विस्कटतात, हे इंटरनेट सर्वसामान्यांपर्यंत पोहोचण्यापूर्वी या जाळ्यावर दिसून आले. सर्वांनी मिळून निर्माण केलेली संपत्ती पुढे ‘स्टार्टअप’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नवोद्योगांच्या हाती कशी गेली, याचेही ते एक आरंभीचे उदाहरण होय.

त्या काळी ‘आर्पानेट’ हे संशोधन-जाळे मुख्यतः अमेरिकी संरक्षण खात्याशी करार असलेल्या संस्थांनाच खुले होते. ही सोय नसलेल्या, नॉर्थ कॅरोलायना राज्यातील ड्यूक विद्यापीठाच्या टॉम ट्रस्कॉट व जिम एलिस या विद्यार्थ्यांनी १९७९ मध्ये स्वस्तातला पर्याय योजिला. शेजारच्या चॅपल हिल येथील विद्यापीठातील स्टीव्ह बेलोव्हिन यांनी त्यासाठी पहिली आज्ञावली लिहिली. प्रारंभी जाळ्यात तीनच संगणक होते. एक संगणक दूरध्वनीवरून दुसऱ्याशी जोडला जाई, साठलेले संदेश सेकंदाला सु. तीस अक्षरे या गतीने त्याच्याकडे धाडी व दुसरा ते तिसऱ्याकडे पोहोचवी. त्यामुळे प्रत्येक ठिकाणी चर्चेची स्वतंत्र प्रत तयार होई. केंद्र नसल्यामुळे हे जाळे बंद पाडणे कोणालाही शक्य नव्हते. मात्र त्याच कारणाने ते सांभाळण्याची जबाबदारीही कोणावर नव्हती.

खर्च मात्र कोणाला तरी करावाच लागे. दूरध्वनीची लांब पल्ल्याची बिले बेल प्रयोगशाळा, डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन यांसारख्या मोठ्या संस्थांच्या खात्यावर पडत. त्यांच्या वरिष्ठांना याची कितपत जाणीव होती, हा प्रश्नच आहे. साहजिकच ज्यांचे संगणक सर्वाधिक संदेश वाहून नेत त्या मोजक्या व्यवस्थापकांच्या हाती सत्ता आली. यूझनेटवर कोणाचेच राज्य नव्हते हे म्हणणे म्हणूनच पूर्णपणे खरे नाही. या व्यवस्थापकांनी १९८६–८७ मध्ये सर्व चर्चागटांची नावे बदलून त्यांची सात शाखांत विभागणी केली. संगणक, विज्ञान, करमणूक, समाज इ. विषयांना स्वतंत्र शाखा मिळाल्या व वादग्रस्त विषय बाजूला काढण्यात आले. त्याविरुद्ध नाराजी उसळून १९८७ मध्ये ‘ऑल्ट’ ही कोणाच्याही संमतीची गरज नसलेली शाखा निघाली.

खर्चाच्या प्रश्नातूनच पहिला मोठा उद्योगही जन्मला. रिक ॲडम्स यांनी १९८७ मध्ये ‘युसेनिक्स’ या संघटनेच्या आर्थिक मदतीने ‘यूयूनेट’ ही संस्था काढली. सदस्यांना शुल्क घेऊन यूझनेटचे संदेश पुरविणारी ही संस्था आरंभी ना-नफा तत्त्वावर चाले. पुढे ती इंटरनेट-जोडणी विकणारी कंपनी झाली व १९९५ मध्ये तिचे समभाग बाजारात आले. चित्रपटांवरील चर्चागटाच्या वाचकांनी नटनट्यांच्या व दिग्दर्शकांच्या याद्या हौसेने तयार केल्या होत्या. कॉल नीडम यांनी १९९० मध्ये त्या शोधण्याजोग्या केल्या. त्यांतूनच ‘आयएमडीबी’ हा चित्रपट-माहितीचा संग्रह उभा राहिला व १९९८ मध्ये ‘ॲमेझॉन’ने तो विकत घेतला. टिम बर्नर्स-ली यांची वर्ल्ड वाइड वेबसंबंधीची व लिनस टॉर्व्हाल्ड्स यांची लिनक्ससंबंधीची आरंभीची निवेदने १९९१ च्या ऑगस्टमध्ये याच जाळ्यावर प्रसृत झाली, हेही उल्लेखनीय आहे.

नवागतांना रीतिरिवाज शिकविण्याची यूझनेटची पद्धत सावकाशीची होती. दर सप्टेंबरात विद्यापीठांत नवे विद्यार्थी येत, काही आठवडे गोंधळ घालीत व जुन्यांची बोलणी खाऊन स्थिरावत. १९९३–९४ मध्ये ‘अमेरिका ऑनलाइन’सारख्या व्यापारी सेवांनी आपल्या असंख्य ग्राहकांना हे दार उघडून दिले आणि शिकविणाऱ्यांपेक्षा शिकणारेच कितीतरी अधिक झाले. एप्रिल १९९४ मध्ये ॲरिझोनातील कँटर व सीगल या वकील दांपत्याने स्थलांतरितांच्या परवान्यांसंबंधीची आपली जाहिरात हजारो गटांत एकदम टाकली. निषेधाचा वर्षाव झाला. परंतु अशी जाहिरात आधीच रोखणारी मध्यवर्ती यंत्रणा या जाळ्यावर नव्हती.

मराठी भाषकांचाही ‘सॉक.कल्चर.इंडियन.मराठी’ हा गट होता. भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट ऑगस्ट १९९५ मध्ये उपलब्ध झाले. त्यामुळे अशा गटांत आरंभी परदेशस्थांचाच भरणा असे. देवनागरी अक्षरे पाठविण्याची सोय नसल्याने मराठी मजकूर रोमन लिपीत लिहावा लागे. अविनाश चोपडे यांची ‘आयट्रान्स’ ही लिप्यंतर-पद्धती या अडचणीवरचा एक उपयुक्त तोडगा ठरली.

यूझनेटवरील संदेश काही दिवसांनी वा आठवड्यांनी पुसले जात आणि लिहिणारेही तेच गृहीत धरून लिहीत. टोराँटो विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागातील हेन्री स्पेन्सर यांनी मात्र १९८१ पासून दहा वर्षांचे सु. वीस लाख संदेश १४१ चुंबकीय फितींवर जपून ठेवले. १९९५ मध्ये निघालेल्या ‘डेजा न्यूज’ या नवोद्योगाने नव्या संदेशांचा संग्रह करून तो सर्वांना शोधण्यासाठी खुला केला. बोलता बोलता लिहिलेला मजकूर कायमचा नोंदला गेल्याने अनेकांनी हरकत घेतली, तेव्हा आपला संदेश साठवू नये असे कळविण्याची सोय करण्यात आली. पुढे ती कंपनी वस्तूंच्या किमतींची तुलना करण्याच्या धंद्याकडे वळली व अडचणीत आली. फेब्रुवारी २००१ मध्ये ‘गूगल’ने तिचा संग्रह घेतला आणि त्याच वर्षी स्पेन्सर यांचे संदेशही त्यात समाविष्ट केले. सार्वजनिक ग्रंथालयाने करावयाचे हे काम अशा रीतीने एका खाजगी कंपनीकडे गेले.

ड्यूक विद्यापीठाने आपला यूझनेट-संगणक २०१० मध्ये बंद केला. ‘गूगल’ने २२ फेब्रुवारी २०२४ पासून नवे संदेश स्वीकारणे थांबविले, जुना संग्रह पाहण्यासाठी ठेवला. लहान लहान संगणकांवर काही गट यानंतरही चालू राहिले.