राजांगणाची वाटणी

गोव्यातील जुन्या हिंदू घराचे राजांगण म्हणजे खोल्या बांधून झाल्यावर मध्ये उरलेली जागा, असा समज आम्हा वकिलांच्या दप्तरांनी दृढ करून ठेवला आहे. वाटणीच्या कागदात खोल्या मोजल्या जातात, माड मोजले जातात. राजांगण मात्र 'उघडी जागा' एवढ्या दोन शब्दांत आटोपते. वस्तुतः त्या जागेभोवतीच सारे घर उभे असते.

याचे कारण हवामानात आहे. गोव्यात वर्षाकाठी सुमारे 3,000 मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. अशा दमट हवेत नुसती सावली पुरत नाही. वारा खेळावा लागतो. तापलेली हवा राजांगणातून वर निघून जाते आणि दारांखिडक्यांतून बाहेरची हवा तिची जागा घेते. चिऱ्यांच्या जाड भिंती दुपारचे ऊन सावकाश आत येऊ देतात. खाली उतरलेले छप्पर पावसाचा झोत वसरीत शिरू देत नाही. पागोळ्यांचे पाणी राजांगणात पडून मोरीवाटे बाहेर जाते. तुळशीवृंदावनाला ऊनही मिळते. मंगळूरला 1865 साली बाझेल मिशनने कौलांचा कारखाना काढला, पुढे नळीच्या कौलांच्या जागी मंगळुरी कौले आली. तरी मधला चौक तसाच राहिला.

तो मोडला वाटणीने. 1867 ची पोर्तुगीज दिवाणी संहिता गोव्यात 1870 पासून लागू झाली. तिने मुलामुलींना समान वाटा दिला. त्या न्यायाविरुद्ध माझी तक्रार मुळीच नाही. परंतु वाटा समान करता येतो, वारा नव्हे! एका अशिलाच्या घरी राजांगणातून आडवी भिंत गेलेली मी पाहिली. वृंदावन एकीकडे राहिले, मोरी दुसरीकडे. दोन्ही अर्ध्यांवर पत्रे चढले आणि भर दुपारी दिवे लागू लागले.

नव्या घराला हे जमणार नाही, असे म्हणणाऱ्यांनी चार्ल्स कोरिया यांचे अहमदाबादचे 'ट्यूब हाऊस' आठवावे. 1960 नंतरच्या पहिल्या वर्षांतले ते अल्पखर्चाचे, अरुंद घर. उतरत्या छपराच्या माथ्याशी झरोका ठेवून त्यांनी तापलेली हवा बाहेर काढली. तेथील उन्हाळा कोरडा, आपला दमट. म्हणून नक्कल न करता तत्त्व घ्यावे.

हल्ली वाटणीपत्रात राजांगण सामाईक ठेवण्याचे कलम मी आग्रहाने घालतो. पक्षकार प्रथम कुरकुरतात. मग मोरी कोणी उपसायची, यावर वाद सुरू होतो.