एसएमटीपी अधिप्रमाणन

एसएमटीपी अधिप्रमाणन म्हणजे ईमेल पाठवणाऱ्याने वापरकर्तानाव व पासवर्ड देऊन मेल सर्व्हरला आपली ओळख पटवून देण्याची पद्धत होय. संस्थेच्या नेटवर्कबाहेर असलेल्या वापरकर्त्याचे ईमेल सर्व्हरच्या स्पॅम गाळणीत अडकू नयेत, यासाठी तिचा विशेष उपयोग होतो.

पार्श्वभूमी

जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली मांडलेल्या एसएमटीपी प्रोटोकॉलमध्ये प्रेषकाची ओळख तपासण्याची सोयच नव्हती. या मोकळेपणाचा स्पॅम पाठवणाऱ्यांनी गैरफायदा घेतल्यावर सर्व्हर केवळ आपल्या नेटवर्कमधील आयपी पत्त्यांवरून बाहेर जाणारे ईमेल स्वीकारू लागले. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी मुंबईसह काही महानगरांत इंटरनेट सेवा सुरू केली. त्या डायल-अपच्या काळात एवढी ओळख पुरेशी होती. जोडणी आणि ईमेल खाते बहुधा एकाच सेवादात्याचे असे.

आता तसे राहिलेले नाही. समजा, पुण्यातील महाविद्यालयाचे एक प्राध्यापक जालना जिल्ह्यातील तीर्थपुरी येथून मोबाइल इंटरनेटवर महाविद्यालयाच्या सर्व्हरमार्फत ईमेल पाठवीत आहेत. त्यांचा आयपी पत्ता तात्पुरता आणि बहुधा अनेक ग्राहकांत सामायिक असतो. स्पॅमहाउसच्या पीबीएल यादीत असे पत्ते मोठ्या प्रमाणावर नोंदलेले असतात. ही नोंद म्हणजे दोषारोप नव्हे. त्या पत्त्यावरून परक्या सर्व्हरकडे थेट ईमेल जाणे अपेक्षित नाही, इतकाच तिचा अर्थ. मात्र महाविद्यालयाच्या सर्व्हरने हीच यादी सरसकट लावल्यास प्राध्यापकांचे ईमेलही दारातच नाकारले जाते.

कार्यपद्धती

डिसेंबर १९९८ मधील आरएफसी २४७६ ने वापरकर्त्यांसाठी ५८७ हे स्वतंत्र पोर्ट ठरवून दिले. पोर्ट २५ सर्व्हर-सर्व्हरमधील देवाणघेवाणीसाठी राहिले. अधिप्रमाणनाचे मानक मार्च १९९९ मध्ये आरएफसी २५५४ द्वारे आले. पोस्टफिक्ससारख्या सर्व्हरमध्ये नियम क्रमाने तपासले जातात. म्हणून अधिप्रमाणित वापरकर्त्यास परवानगी देणारा नियम काळ्या यादीच्या नियमाआधी लिहावा लागतो. पासवर्ड वाटेत वाचला जाऊ नये यासाठी जोडणी टीएलएसने कूटबद्ध करतात. २०१८ च्या आरएफसी ८३१४ ने त्यासाठी पोर्ट ४६५ ला पसंती दिली आहे.

प्रेषकाचा पत्ता आपल्याच डोमेनचा दिसतो म्हणून गाळणीतून सूट देणे हा सोपा, पण घातक उपाय आहे, कारण तो पत्ता कोणालाही खोटा लिहिता येतो. अधिप्रमाणनातही धोका उरतोच. एकाचा पासवर्ड चोरीस गेला, तर त्या खात्यावरून हजारो स्पॅम सुटतात आणि संपूर्ण संस्थेचा सर्व्हर काळ्या यादीत जाऊन सर्वांचेच ईमेल परत येऊ लागतात. त्यामुळे अधिप्रमाणित वापरकर्त्यांना आयपी पत्त्याच्या तपासणीतून सूट दिली, तरी मजकुराची तपासणी आणि दर तासाला पाठवता येणाऱ्या ईमेलची मर्यादा त्यांनाही लागू ठेवली जाते.