‘या कारणावरून’ : खैरलांजी आणि कायद्यातील दोन शब्दांचा इतिहास

१/
भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातील खैरलांजी. २९ सप्टेंबर २००६ रोजी संध्याकाळी तेथील भोतमांगे या बौद्ध कुटुंबातील आई, मुलगी आणि दोन मुलगे अशा चौघांची हत्या झाली. दोन वर्षांनी न्यायालयाने खून सिद्ध मानले, फाशीची शिक्षाही सुनावली. परंतु हा कायद्याच्या अर्थाने जातीय अत्याचार नव्हे, असेही म्हटले. या दोन्ही गोष्टी एकाच निकालात कशा सामावल्या? त्याचे उत्तर बऱ्याच अंशी दोन शब्दांत दडलेले आहे : ‘या कारणावरून’. हा धागा त्या शब्दांविषयी.

२/
आपल्या साहित्यशास्त्राने शब्दाच्या तीन शक्ती मानल्या : अभिधा, लक्षणा आणि व्यंजना. नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोक’ या ग्रंथात सूचित अर्थाला काव्याचा आत्मा ठरवले. शास्त्रकारांचे आवडते उदाहरण आहे सूर्यास्ताचे. ‘सूर्य मावळला’ या वाक्याचा वाच्यार्थ एकच. पण गुराख्यासाठी त्याचा अर्थ ‘गुरे घराकडे वळव’ असा होतो आणि वाटसरूसाठी ‘आता मुक्काम कर’ असा. कोण बोलतो, कोणाशी आणि कोणत्या प्रसंगी, हे कळल्यावाचून अर्थ पुरा होत नाही.

३/
हे केवळ काव्यापुरते नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद १७ मध्ये ‘अस्पृश्यता’ नष्ट केल्याचे म्हटले आहे. तो शब्द तेथे अवतरणचिन्हांत आहे आणि त्याची व्याख्या दिलेली नाही. पुढे देवराजय्या विरुद्ध पद्मण्णा या खटल्यात म्हैसूर उच्च न्यायालयाने या चिन्हांचाच आधार घेतला. शब्दाचा अक्षरशः अर्थ घेतला, तर साथीच्या रोगामुळे वेगळा ठेवलेला रुग्णही ‘अस्पृश्य’ ठरेल. म्हणून या देशात इतिहासक्रमाने जी प्रथा घडली, तीच येथे अभिप्रेत आहे, असे न्यायालयाने मानले. शब्दकोश बाजूला राहिला आणि इतिहास हाच अर्थ ठरला.

४/
मे १९५४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर भंडारा लोकसभा मतदारसंघातून पोटनिवडणूक लढले आणि पराभूत झाले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये राज्यसभेत अस्पृश्यता (अपराध) विधेयकावर बोलताना त्यांनी विधेयकाच्या नावालाच आक्षेप घेतला. नावात नागरी हक्कांच्या संरक्षणाचा निर्देश असावा, असे त्यांचे म्हणणे होते. १९५५ साली कायदा जुन्याच नावाने झाला. १९७६ मध्ये तो ‘नागरी हक्क संरक्षण अधिनियम’ झाला. एका शब्दाला बदलण्यास दोन दशके लागली.

५/
१९५५ च्या त्या कायद्यातही ‘अस्पृश्यतेच्या कारणावरून’ अशीच शब्दयोजना होती. मात्र तिच्या सोबतीला कलम १२ होते. कायद्याखालील अपराध ठरणारे कृत्य अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत घडले, तर ते अस्पृश्यतेच्या कारणावरूनच घडले असे न्यायालयाने गृहीत धरावे. तसे नसेल तर ते आरोपीने सिद्ध करावे. कारण मनात असते आणि मनाचा पुरावा मिळणे दुर्घट, हे कायदा करणाऱ्यांनी ओळखले होते.

६/
१९८९ साली अत्याचार प्रतिबंधक कायदा, लोकांच्या तोंडचा ‘ॲट्रॉसिटी’ कायदा, संमत झाला. त्याच्या कलम ३(२)(५) चा आशय असा : पीडित व्यक्ती अनुसूचित जाती किंवा जमातीची आहे ‘या कारणावरून’ दहा वर्षे वा अधिक कैदेस पात्र असा गुन्हा केल्यास जन्मठेप. शब्द जुनेच होते. परंतु कलम १२ सारखे गृहीतक या शब्दांच्या सोबतीला आले नाही. शब्द एकाकी पडले.

७/
आता पुन्हा खैरलांजी. गावात दलितांची घरे मोजकीच. कुटुंबाच्या शेतातून रस्ता काढण्यावरून वाद धुमसत होता. सप्टेंबरच्या आरंभी कुटुंबाच्या निकटच्या एका व्यक्तीला मारहाण झाली आणि त्या प्रकरणात मायलेकींनी साक्ष दिली. अटक झालेले आरोपी जामिनावर सुटले आणि त्याच संध्याकाळी हल्ला झाला.

८/
सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्यातील न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले. सहा जणांना फाशी, दोघांना जन्मठेप. १४ जुलै २०१० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीऐवजी २५ वर्षांची कैद दिली. ॲट्रॉसिटी कायदा मात्र दोन्ही ठिकाणी लागू झाला नाही. उच्च न्यायालयाच्या मते या हत्या साक्षीचा सूड म्हणून झाल्या होत्या, जातीच्या कारणावरून नव्हे.

९/
या भूमिकेमागचे तत्त्व समजून घेतले पाहिजे. दंड देणाऱ्या कायद्याचा अर्थ काटेकोरपणे घ्यावा आणि संशयाचा लाभ आरोपीला द्यावा, हा फौजदारी न्यायाचा जुना नियम आहे. ज्या कलमाने जन्मठेप होते, त्यातील शब्द न्यायाधीशाने आपल्या मर्जीने ताणले, तर उद्या ते कोणाच्याही विरुद्ध ताणले जातील. वाच्यार्थाचा आग्रह हे नागरिकाचे कवचही असते.

१०/
परंतु येथे वाच्यार्थ तरी खरोखर पाळला गेला का? अनुच्छेद १५ मध्ये घटनाकारांनी ‘केवळ’ धर्म, वंश, जात इत्यादी कारणांवरून भेदभाव नको, असे लिहिले. तेथे ‘केवळ’ आहे. कलम ३(२)(५) मध्ये तो नाही. तरीही दुसरे कारण सापडताच जातीचे कारण बाद होते, असे मानले, तर मजकुरात नसलेला ‘केवळ’ आपणच वाचलेला असतो. काटेकोर वाचन म्हणता म्हणता एक शब्द वाढतो.

११/
सूड आणि जात ही परस्परांना वगळणारी कारणे नव्हेत. हीच साक्ष गावातील एखाद्या बलाढ्य घरातील स्त्रियांनी दिली असती, तर त्या संध्याकाळी तेच घडले असते का? शेताचा वाद, साक्ष आणि जामीन ही घटनांची साखळी झाली. ‘यांनी आमच्याविरुद्ध साक्ष द्यावी?’ या संतापातला ‘यांनी’ हा शब्द त्या साखळीत दिसत नाही. वाच्यार्थाने ते नुसते सर्वनाम आहे. त्याच्या ध्वनीत गावाची सारी उतरंड सामावलेली असते.

१२/
कोणी विचारील, शिक्षा तर झालीच, मग फरक काय पडला? फरक नोंदीत पडला. शंभर वर्षांनी एखादा संशोधक केवळ निकालपत्रे चाळू लागला, तर त्याला येथे सूडाची एक घटना सापडेल. जातीचा इतिहास शोधताना ती त्याच्या हातून निसटेल. न्यायालयाचा निकाल हा इतिहासाचा दस्तऐवजही असतो, आणि त्यात गुन्ह्याला जे नाव मिळते ते पुढे टिकून राहते.

१३/
संसदेने अखेरीस शब्दच बदलला. २०१५ च्या दुरुस्तीने या कलमातील ‘या कारणावरून’ जाऊन त्या जागी पीडिताची जात ‘माहीत असताना’ अशा आशयाचे शब्द आले. ते २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहेत. शिवाय आरोपी पीडिताला किंवा त्याच्या कुटुंबाला ओळखत असेल, तर त्याला जात माहीत होती असे न्यायालय गृहीत धरील. १९५५ चे ते शहाणपण निराळ्या रूपात परतले. मात्र फौजदारी दुरुस्ती मागे जाऊन लागू होत नाही. खैरलांजीला तिचा उपयोग नव्हता.

१४/
एप्रिल २०२१ मध्ये पाटण जमाल वली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुन्या शब्दांचाही विचार केला. जात हे गुन्ह्याचे एकमेव कारण असलेच पाहिजे असे नाही; जात, लिंग, अपंगत्व अशी कारणे एकमेकांत गुंतलेली असू शकतात, असे न्यायालयाने स्पष्ट केले. त्या खटल्यात मात्र पुराव्याअभावी ॲट्रॉसिटीचे कलम टिकले नाही. न लिहिलेला ‘केवळ’ पुसला गेला, तरी पुराव्याचे ओझे उरलेच.

१५/
इतिहासाच्या अभ्यासकाने यातून एक सवय जोडावी. निवाडा असो, शिलालेख असो वा बखर, त्यात काय लिहिले आहे हे आधी अक्षरशः वाचावे. मग काय न लिहिताच गृहीत धरले आहे, ते शोधावे. आणि शेवटी स्वतःलाही विचारावे : मजकुरात नसलेला एखादा ‘केवळ’ मी तर वाचत नाही ना?

तुमच्या जिल्ह्यातील एखाद्या निकालात वा दस्तऐवजात असा एखादा शब्द आढळला असेल, तर जरूर लिहा.