हातखंब्याचा तिठा आणि रात्रीची आगगाडी

रत्नागिरी शहराच्या पूर्वेस हातखंबा हे गाव आहे. मुंबई–गोवा महामार्गास रत्नागिरीहून येणारा रस्ता येथे मिळतो आणि पुढे पालीपर्यंत दोहोंचा मार्ग एकच राहतो. पालीहून एक वाट लांज्याकडे, तर दुसरी साखरप्यावरून आंबा घाट चढून कोल्हापुराकडे जाते. दक्षिण कोकणातील प्रवासाचा इतिहास समजून घेण्यास हा तिठा सोयीचा आहे. कारण आगगाडी जेथे पोहोचत नव्हती, तेथील मनुष्य आगगाडीपर्यंत कसा पोहोचत होता, हे येथे ध्यानी येते.

लोहमार्गापूर्वी रत्नागिरीकरांस मुंबईचा मुख्य मार्ग समुद्राचा होता. परंतु पावसाळ्यात आगबोटी बंद पडत आणि वर्षातील काही महिने ही वाट नाहीशीच होई. दुसरी वाट घाटावरची. मिरज–कोल्हापूर लोहमार्ग 1891 साली सुरू झाल्यावर आंबा घाट चढून कोल्हापूर गाठावे व तेथून आगगाडीने पुण्यास यावे, ही सोय उपलब्ध झाली. हा मार्ग मीटरमापी असल्याने पुण्यास गाडी बदलावी लागे. 1971 च्या सुमारास तो रुंदमापी झाल्यानंतरच कोल्हापूर–मुंबई असा रात्रीचा सलग प्रवास शक्य झाला. कोकणातील माणसास मात्र एस.टी.च्या रातराणीवाचून गत्यंतर नव्हते.

कोकणात लोहमार्ग यावा, ही मागणी बॅ. नाथ पै यांनी व त्यांच्यानंतर राजापूर मतदारसंघाचे खासदार झालेल्या प्रा. मधु दंडवते यांनी संसदेत सातत्याने मांडली. 1986 साली गाडी रोह्यापर्यंत आली. 1990 साली कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. त्याच्या भांडवलात केंद्राचा वाटा 51 टक्के, महाराष्ट्राचा 22, कर्नाटकाचा 15 आणि गोवा व केरळ यांचा प्रत्येकी 6 टक्के ठरला. गाड्यांची वाटचाल टप्प्याटप्प्याने झाली : 1993 साली वीर, 1995 साली खेड. पेडण्याच्या बोगद्यातील खचत्या मातीने काम लांबविले. अखेर 26 जानेवारी 1998 रोजी संपूर्ण मार्गावरून गाडी धावली. रत्नागिरीच्या उत्तरेस करबुड्याचा सुमारे साडेसहा किलोमीटरांचा बोगदा आणि दक्षिणेस पानवल येथील सुमारे 64 मीटर उंचीचा पूल ही या भूमीच्या अडचणीची मापेच होत.

आता प्रश्न असा, की मार्गाचा विस्तार म्हणजे सोयीचाही विस्तार काय? उत्तर सरळ नाही. मुंबईहून रात्री निघणारी कोकणकन्या रत्नागिरीवर न संपता मडगावापर्यंत जाते, तुतारी सावंतवाडीपर्यंत. गाडी जितकी दूर जाईल, तितक्या अधिक गावांत तिच्या जागा वाटल्या जातात. शेवटचे स्थानक असताना जे गाव धनी असते, ते वाटेवरचे झाले की वाटेकरी होते. बराचसा मार्ग एकेरी असल्याने नव्या गाड्या वाढविण्यासही मर्यादा पडते. गणेशोत्सवात या वाटणीची तीव्रता प्रत्येक घरास जाणवते. तथापि विस्तार नाकारावा, असा याचा अर्थ नव्हे. ज्या न्यायाने रत्नागिरीने गाडी मागितली, त्याच न्यायाने पुढच्या गावासही ती मागण्याचा अधिकार पोहोचतो. गाडीबरोबर जागा व मार्गक्षमता वाढली नाही, तर मात्र एका गावाची सोय दुसऱ्याच्या गैरसोयीतून निर्माण होते.

दुसरी गोष्ट तिठ्याची. पहाटे रत्नागिरी स्थानकावर उतरणारा पाली–साखरप्याकडचा प्रवासी घरी पोहोचतो तो हातखंब्यावरूनच. लोहमार्गाने रस्त्याचे महत्त्व संपविले नाही, त्याची भूमिका बदलली : पूर्वी जी वाट आगगाडीकडे नेणारी होती, ती आता आगगाडीहून घरी आणणारी झाली. म्हणून गाडी कोणत्या शहरापर्यंत वाढली, एवढीच नोंद इतिहासकाराने करून भागणार नाही. तिच्या स्थानकापासून शेवटच्या वाडीपर्यंतचा रस्ताही त्याच इतिहासाचा भाग मानावा लागेल.