परक्या नगरीतील पथ्य

परक्या नगरीत गेलेल्या माणसाला भाषा वेशीवरच ठेवावी लागते. वेश बदलता येतो, झोपेच्या वेळाही बदलता येतात. ‘हे मी खात नाही’ हे वाक्य मात्र तो सोबत घेऊनच जातो. काही वर्षांपूर्वी एका चर्चासत्राच्या निमित्ताने आम्ही दोघे हांगचौ या चिनी शहरात आठवडाभर राहिलो, तेव्हा या वाक्याचे वजन आम्हांस प्रथम कळले. आमच्यापैकी एक वारकरी घरातला, तरुणपणी स्वतःहून माळ घातलेला. दुसरा जन्माने शाकाहारी. निघण्यापूर्वी आम्ही ‘आम्ही मांस खात नाही’ एवढे वाक्य चिनी लिपीत एका चिठ्ठीवर लिहून घेतले होते आणि आपला प्रश्न सुटला, असे समजून निर्धास्त होतो.

पहिल्याच संध्याकाळी एका गल्लीतील खाणावळीत ती चिठ्ठी दाखवली. परतलेल्या कोबीची बशी आली. कोबीत सुकट होती. आम्ही बशी मागे सारली, तेव्हा मालकाने चिठ्ठी पुन्हा वाचली, आमच्या चेहऱ्यांकडे पाहिले आणि एकदम उलगडा झाल्यासारखा तो हसला. हाताला धरून त्याने आम्हांस समोरच्या हिरव्या पाटीच्या दुकानात नेऊन बसवले. तेथे आमच्यापुढे शेवयांचे दोन वाडगे आले. शेवया गाईच्या मांसाच्या वाफाळत्या रश्श्यात होत्या.

यात कोणाचाच दोष नव्हता, हे पुढे यजमानांशी बोलताना समजले. चिनी भाषेत ‘रौ’ म्हणजे मांस. परंतु रोजच्या बोलण्यात नुसते ‘रौ’ म्हटले की बहुधा डुकराचे मांस समजतात. सुकट त्यात येत नाही. डुकराचे मांस न खाणारे परदेशी म्हणजे मुसलमान, हा मालकाचा तर्क सरळ होता. आमचे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष होते. चूक एवढीच, की आम्ही आपला नकार शब्दशः भाषांतरित केला होता आणि चिनी नगरांनी अशा नकारांसाठी शतकांपूर्वीच स्वतःचे शब्द घडवून ठेवले आहेत, याची आम्हांस कल्पना नव्हती.

असे दोन शब्द आहेत. पहिला ‘सू’. त्याचा मूळ अर्थ न रंगवलेले पांढरे रेशीम. त्यावरून साधे, अलंकारहीन, आणि पुढे निरामिष अन्न. त्याचा विरोधी शब्द ‘हुन’. आज तो सामिष अन्नासाठी वापरतात. परंतु हे अक्षर लिहिताना त्याच्या माथ्यावर गवताची खूण येते, कारण मूळ अर्थ लसूण-कांद्यासारख्या उग्र वनस्पती असा होता. चिनी मठांच्या स्वयंपाकात आजही या वस्तू वर्ज्य आहेत. चातुर्मासात कांदा-लसूण बंद करणाऱ्या घरांतील वाचकांस हे परके वाटणार नाही. दुसरा शब्द ‘छिंगचन’, म्हणजे शुद्ध आणि सत्य. चिनी मुसलमानांच्या खाणावळींवर हीच पाटी असते.

गंमत अशी की, ‘सू’ अन्नाच्या आचाराची प्रेरणा आपल्याकडून तिकडे गेली, पण तेथे तिने आपल्याहून कठोर रूप घेतले. बौद्ध विनयात भिक्षूला मांस सर्वथा निषिद्ध नव्हते. आपल्यासाठी मारलेले पाहिले नाही, ऐकले नाही, तशी शंकाही नाही, असे त्रिकोटिपरिशुद्ध मांस भिक्षेत आल्यास चालत असे. धर्मानंद कोसंबी यांच्या ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथातील मांसाहाराच्या चर्चेवरून उठलेल्या वादामुळे मराठी वाचकांस हा विषय परिचित आहे. चीनमध्ये महायान सूत्रांच्या आधारे यापुढचे पाऊल टाकले गेले. लियांग वंशाचा सम्राट वू (राज्यकाल ५०२ ते ५४९) याची राजधानी आजच्या नानचिंग येथे होती. त्याने भिक्षु-भिक्षुणींना मद्यमांसाच्या त्यागाची आज्ञा केली, आणि हळूहळू मांसत्याग हे चिनी भिक्षुजीवनाचे लक्षण ठरले.

सुमारे शंभर वर्षांनी या बदलाची प्रचीती एका प्रवाशाला परमुलुखात आली. पुढे महाराष्ट्रात येऊन पुलकेशीच्या राज्याचे वर्णन करणारा ह्युएन त्संग इ. स. ६३० च्या सुमारास भारताच्या वाटेवर कुचा येथे पोहोचला. हे नगर आज चीनच्या शिंच्यांग प्रांतात आहे; तेव्हा तो स्वतंत्र राजाचा मुलूख होता. राजाने भोजन घातले. त्यात त्रिकोटिपरिशुद्ध मांस होते, आणि तेथील बौद्धांच्या दृष्टीने त्यात वावगे काहीच नव्हते. ह्युएन त्संगाच्या चरित्रात नोंद आहे की त्याने ते नाकारले, ही सवलत क्रमाक्रमाच्या शिकवणीतली आहे, महायानाला ती मान्य नाही असे सांगितले, आणि बाकीचे अन्न घेतले. बुद्धाच्याच नावाने वाढलेले पान बुद्धाच्याच नावाने मागे सारणारा हा पाहुणा राजाला कसा वाटला असेल? आमच्या कोबीच्या बशीपेक्षा हा प्रसंग कितीतरी नाजूक होता.

मठातील हे पथ्य नगराच्या बाजारात आले ते सोंग काळात. उत्तर सोंग वंशाची राजधानी काइफेंग ११२७ मध्ये जुर्चेन आक्रमकांच्या हाती गेली. दरबार दक्षिणेकडे सरकला आणि ११३८ पासून हांगचौ ही राजधानी झाली. काइफेंगमधून परागंदा झालेल्या मंग युआनलाव याने गेलेल्या नगरीच्या आठवणी लिहिल्या. त्यांची प्रस्तावना ११४७ ची आहे. त्या आठवणींत, मठातल्यासारखे निरामिष जेवण देणाऱ्या खाणावळींचा उल्लेख येतो. पुढे वू त्सुमू याने हांगचौचे असेच वर्णन लिहिले. त्यातही उपवासव्रताला बाध न आणणारी दुकाने आहेत, आणि तेथील पदार्थांची नावे वाचून हसू येते. मासे आहेत, बकऱ्याचे खूर आहेत, खरीवर मात करणारी कोंबडी आहे. नावे मांसाची आणि पदार्थ निरामिष! आम्हांस ही केवळ जिभेची फसवणूक वाटत नाही. व्रतस्थ माणसालाही मेजवानीच्या भाषेत बोलता यावे, त्याच्यापुढील पान दरिद्री दिसू नये, अशी नगराने काढलेली ती युक्ती असावी.

वू त्सुमूने आणखी एक गोष्ट सांगितली आहे आणि ती आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते. काइफेंगमध्ये पूर्वी दक्षिणी जेवणाची आणि सच्वान पद्धतीची वेगळी दुकाने होती. कारण दक्षिणेकडून येणाऱ्या अधिकाऱ्यांना उत्तरेचे अन्न मानवत नसे. दरबार दक्षिणेत आल्यावर मात्र दीर्घ काळाने लोकांना हवापाणी सवयीचे झाले, खाणेपिणे मिसळून गेले आणि उत्तर-दक्षिण असा भेद उरला नाही. म्हणजे सवयीचे पथ्य काळाने विरघळले. व्रताचे पथ्य मात्र टिकले आणि त्याची स्वतंत्र पाटी लागली. या दोन पथ्यांतील फरक आमच्या मनातून नंतर गेला नाही.

याच हांगचौमध्ये चौदाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास आणखी एक पथ्यकर पाहुणा आल्याचे त्याचा स्वतःचा वृत्तांत सांगतो. त्याचे नाव इब्न बतूता. त्याच्या चीनप्रवासाच्या तपशिलांविषयी संशोधकांत मतभेद आहेत; तरी वृत्तांतातील भावना खरी वाटते. चीनमध्ये डुकराचे व कुत्र्याचे मांस बाजारात उघड विकले जाते, हे पाहून तो अस्वस्थ झाला. बाहेर पडले की नको ते दिसते म्हणून तो घरातच बसून राही, आणि एखादा मुसलमान भेटला की सगासोयरा भेटल्यासारखा आनंद होई. हांगचौमध्ये मुसलमानांची स्वतंत्र वस्ती होती व तेथे एका मूळच्या इजिप्ती घराण्याने त्याचे आतिथ्य केले, असे तो सांगतो. त्या शहरातील फिनिक्स मशीद आजही उभी आहे.

आता याच माणसाचे एक जुने पान उलटावे. दिल्लीच्या सुलतानाचा वकील म्हणून तो १३४२ मध्ये चीनकडे निघाला, तेव्हा वाटेत दौलताबाद आणि नंदुरबार लागले. नंदुरबारच्या मराठी लोकांविषयी लिहिताना, तेथील ब्राह्मण आणि क्षत्रिय भात, भाजीपाला व तिळाचे तेल खातात, प्राण्यांना इजा करणे त्यांना आवडत नाही, जेवणापूर्वी ते स्नान करतात, असे त्याने नोंदवले. नंदुरबारला इतरांचे पथ्य तटस्थपणे टिपणारा हा माणूस हांगचौला स्वतःच्या पथ्यापायी दार लावून बसला.

नंदुरबारच्या नोंदीत एक शब्द सहज येऊन गेला आहे: ब्राह्मण. कोण काय खातो, हे आपल्याकडे कोण कोणत्या कुळात जन्मला यावरून सांगितले गेले. आपल्या शहरांतील जुन्या खाणावळींच्या पाट्या आठवून पाहाव्यात. तेथे काय शिजते यापेक्षा कोण शिजवतो आणि कोण बसू शकतो, हे त्या अधिक सांगत. सोवळे ताटातील वस्तूपुरते कधीच नव्हते. ते शेजारच्या पाटावरील माणसापर्यंत पोहोचत असे. ‘सू’ची पाटी व्रत सांगते, ‘छिंगचन’ची श्रद्धा सांगते. जन्म सांगणारी पाटी आम्हांस तेथे सापडली नाही.

हे आमच्या अंगाशी आले ते दुसऱ्या दिवशी. यजमान प्राध्यापकबाईंना सारा घोटाळा सांगितल्यावर त्यांनी आमची चिठ्ठी खोडून तिच्यावर ‘आम्ही सू खातो’ असे लिहिले आणि सहज विचारले, “केव्हापासून?” प्रश्न आदराचा होता. तेथे अनेक लोक चांद्रमासाच्या पहिल्या व पंधराव्या दिवशी सू खातात, काही जण आजन्म व्रत घेतात. व्रत म्हटले की त्याला आरंभ असायचाच. आमच्यातील माळकऱ्याने माळ घातली ती आषाढी एकादशी सांगितली. बाईंनी मान लववली. दुसऱ्याकडे तारीख नव्हती. “आमच्याकडे कोणीच खात नाही,” एवढेच तो म्हणाला. आमच्याकडे म्हणजे कोणाकडे, हे बाईंनी विचारले नाही. विचारले असते तर त्याला आपली जात सांगावी लागली असती, आणि ताटातील कोबीचा तिच्याशी काय संबंध, हेही सांगावे लागले असते. वीस वर्षे दलित आत्मकथने शिकवणाऱ्या माणसाला हे वाक्य आपल्या तोंडात किती सहज येते, ते परक्या भाषेच्या दारात उभे राहिल्यावर कळले.

आता त्या पहिल्या रात्रीचे राहिलेले सांगावयाचे. हिरव्या पाटीचे दुकान छिंगहाय प्रांतातून दीड-दोन हजार किलोमीटर दूर येऊन राहिलेल्या एका मुसलमान कुटुंबाचे होते. म्हणजे त्या शहरात तेही आमच्यासारखेच परके. आम्ही वाडग्याकडे बघत बसलो आहोत, हे पाहून म्हातारा मालक आला. चिठ्ठी त्याने वाचलीच नाही. वाडग्याकडे बोट करून मान हलवली आणि आमच्याकडे पाहिले. आम्हीही मान हलवली. त्याने वाडगे उचलले, एक कढई आमच्यासमोर घासून धुतली, तेलाचा डबा आणून दाखवला, आणि कोऱ्या शेवया बटाट्याच्या किसाबरोबर परतून वाढल्या. ‘केव्हापासून’ आणि ‘का’ हे त्याने विचारले नाही. काही गोष्टी न खाता परक्या शहरात दिवस कसे काढावेत, हे त्याला ठाऊक होते.