दुसरे घड्याळ

छायाचित्र खोटे बोलत नाही, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. बातमीवर शंका घेणारे आपण तिच्याशेजारच्या छायाचित्रापुढे मात्र गप्प होतो. हा विश्वास दुसऱ्या महायुद्धातील एका जगप्रसिद्ध छायाचित्रावर तपासून पाहू.

2 मे 1945. बर्लिनच्या राइशस्टाग इमारतीवर सोव्हिएत सैनिक लाल झेंडा लावत आहेत. खाली उद्ध्वस्त शहर. छायाचित्रकार येवगेनी खाल्देई. झेंडा त्यानेच आणलेला, लाल टेबलक्लॉथचा शिवून घेतलेला. सैनिकांनी इमारतीवर झेंडा 30 एप्रिलच्या रात्रीच लावला होता. खाल्देईने तो प्रसंग कॅमेऱ्यासाठी पुन्हा उभा केला.

पुढचे काम मॉस्कोत झाले. झेंडेवाल्याला खालून आधार देणाऱ्या सैनिकाच्या दोन्ही मनगटांवर घड्याळे दिसत होती. मुक्तिदात्या सेनेचा सैनिक लुटीचा माल मिरवतो, असा त्याचा अर्थ निघाला असता. खाल्देईने सुईने निगेटिव्हवरील एक घड्याळ खरवडून काढले. ते घड्याळ नसून होकायंत्र होते, असेही नंतर सांगितले गेले. 13 मे रोजी 'ओगोन्योक' साप्ताहिकात चित्र छापून आले. पुढे त्याच्या आकाशात काळा धूरही भरला गेला.

मग हे चित्र खोटे का? बर्लिन पडले हे खरेच होते. खाल्देई ज्यू होता. त्याचे वडील आणि बहिणी नाझींनी मारल्या होत्या. त्याच्यासाठी तो विजय खराच होता.

परंतु आणखी एक गोष्ट पुसली गेली. चित्रातील सैनिकांत अब्दुलहकीम इस्माइलोव होता, दागेस्तानचा कुमिक मुसलमान. आधार देणारा सैनिक तोच, असे सहसा मानले जाते. अधिकृत इतिहासात मात्र झेंडा फडकवणारे म्हणून येगोरोव आणि कांतारिया यांचीच नावे रुजली. इस्माइलोवला रशियाचा वीर हा किताब मिळाला तो 1996 साली. 2010 मध्ये तो वारला.

घड्याळ काढायला सुई लागली. नाव काढायला काहीच लागले नाही. चित्राखाली ते न लिहिणे पुरले. आम्हाला हे दुसरे संपादन अधिक गंभीर वाटते. दंगलीनंतरच्या छायाचित्रांत आपली माणसे असतात, त्यांची नावे क्वचितच. वर्तमानपत्राचा मजकूर आपल्या हाती नाही. घरातल्या जुन्या फोटोंच्या पाठीवर नाव, गाव आणि साल लिहिणे मात्र आपल्या हाती आहे. नावे सांगणारी बुजुर्ग मंडळी हयात आहेत, तोवर तेवढे करू या.