एका अक्षराचा फरक

जठराच्या पाठीमागे, उदराच्या खोल भागात दडलेले स्वादुपिंड हे एरवी कोणाच्या ध्यानीमनी नसणारे इंद्रिय होय. मधुमेहाच्या निमित्ताने त्याचे नाव निघते, तेवढेच. त्याला होणारा कर्करोगही तसाच दडून वाढतो. कावीळ, पाठदुखी वा विनाकारण रोडावणे यांपैकी काही दिसू लागेपर्यंत शस्त्रक्रियेची वेळ बहुधा टळून गेलेली असते. गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर १७ मार्च २०१९ रोजी याच रोगाने निवर्तले, तेव्हा कित्येक मराठी घरांत त्याचे नाव प्रथमच उच्चारले गेले असेल. अमेरिकेसारख्या साधनसंपन्न देशातही, २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या आकड्यांप्रमाणे, निदानानंतर पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण शेकडा १३ एवढेच होते.

या रोगाचे मूळ वैद्यकाला ठाऊक नव्हते म्हणून असे झाले काय? तसे म्हणता येत नाही. मूळ सापडून कित्येक वर्षे लोटली. ते हाती मात्र लागत नव्हते.

या शोधाचा आरंभ उंदरांपासून होतो. १९६४ साली लंडनमध्ये जेनिफर हार्वे यांना आणि १९६७ साली शिकागो विद्यापीठातील विकृतिशास्त्रज्ञ वर्नर कर्स्टन यांना, उंदरांत मांसार्बुदे उत्पन्न करणारे दोन निराळे विषाणू आढळले. त्यांतील घातक जनुक मूळचे विषाणूचे नव्हेच, ते त्याने उंदराच्या पेशीतून उचललेले होते, हे पुढे उघड झाले. उंदीर आणि मांसार्बुद यांच्या इंग्रजी नावांची आद्याक्षरे जुळवून या जनुकाला ‘रास’ म्हणू लागले, आणि कर्स्टन यांच्या विषाणूतील जनुक ‘के-रास’ झाले. मराठी माणसाला रास म्हटले की पत्रिका आठवावी हे स्वाभाविक आहे. येथे मात्र ग्रहांचा काही संबंध नाही.

१९८२ साली अमेरिकेतील रॉबर्ट वाइनबर्ग, मारिआनो बार्बासिद, मायकेल विग्लर प्रभृती संशोधकांच्या प्रयोगशाळांनी मानवी मूत्राशयाच्या कर्करोगातील जनुक तपासले. ते रास कुळातलेच निघाले. निरोगी जनुकात आणि रोगट जनुकात फरक किती, तर अवघ्या एका अक्षराचा! पुढे १९८८ साली मानुएल पेरुचो व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वादुपिंडाची अर्बुदे तपासून पाहिली, तो बहुतेक सर्वांत के-रास बिघडलेले. या रोगाच्या नेहमीच्या प्रकारात हे प्रमाण शेकडा ९० च्या आसपास असल्याचे नंतरच्या तपासण्यांनी पक्के केले.

एका अक्षराने एवढा अनर्थ का व्हावा, हे समजण्याजोगे आहे. रास हे प्रथिन पेशीला वाढण्याची आज्ञा पोहोचविते. जीटीपी नावाचा लहान रेणू त्याने धरला की आज्ञा सुरू होते. त्या रेणूचा एक तुकडा तुटला की ती थांबते. प्रथिनाच्या साखळीत बाराव्या जागी ग्लायसीन हे सर्वांत लहान अमिनो आम्ल असते. त्या जागी एखादे मोठे आम्ल येऊन बसले की तुकडा तोडणाऱ्या यंत्रणेची वाट अडते, आणि आज्ञा सुरूच राहते.

मग हे प्रथिनच औषधाने बंद का पाडू नये? अडचण अशी की, रास जीटीपीला इतके घट्ट धरते आणि पेशीत जीटीपी इतका मुबलक असतो की, त्याला हुसकून तेथे औषध बसविणे अशक्यप्राय ठरले. उरलेले प्रथिन गुळगुळीत. औषधाने रुतून बसावे अशी खोबण दिसेना. तेव्हा आडमार्ग काढण्यात आला. रासला पेशीच्या आवरणाशी चिकटण्यासाठी एक स्निग्ध शेपटी लागते. ती जोडणारे विकरच रोखावे, असा बेत ठरला. तो चांगला होता. परंतु के-रासने दुसरी शेपटी लावून घेतली! तशा एका औषधाची स्वादुपिंडाच्या ६८८ रोग्यांवर परीक्षा झाली. २००४ साली निष्कर्ष छापून आले, ते निराशेचेच. पुष्कळांनी या प्रथिनाचा नाद सोडला. त्यांना दोष कसा द्यावा?

२०१३ साली सॅन फ्रान्सिस्को येथे केव्हन शोकत व त्यांच्या सहकाऱ्यांना अखेर फट सापडली. बाराव्या जागी सिस्टीन आले असेल, तर त्यातील गंधकाला औषध कायमचे जखडता येते, आणि तसे होताना शेजारीच, एरवी न दिसणारी खोबण उघडते. याच मार्गाने निघालेल्या सोटोरासिब या औषधाला मे २०२१ मध्ये अमेरिकेत फुप्फुसाच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली.

परंतु दैवाची थट्टा पाहा. फुप्फुसात सिस्टीनचा बिघाड बराच आढळतो. स्वादुपिंडात तो शंभरांत एखाददुसरा. तेथे शेकडा सुमारे ४० रोग्यांत बाराव्या जागी ॲस्पार्टिक आम्ल असते, आणि त्यात गंधक नाही. म्हणजे कुलूप उघडले, पण घर दुसऱ्याचे. ज्या थोड्यांना ते लागू पडण्याजोगे होते, अशा स्वादुपिंडाच्या ३८ रोग्यांना सोटोरासिब देण्यात आले. आठ जणांची अर्बुदे लक्षणीय आकसली. इतर उपाय थकलेल्यांच्या बाबतीत हे थोडे नव्हे. तथापि हा गुण बहुधा काही महिनेच टिकला.

त्यानंतरचा डॅराक्सॉनरासिबचा मार्ग अधिक विलक्षण आहे. मातीतील जिवाणू तयार करतात अशा एका द्रव्याच्या धर्तीवर त्याची घडण झाली. ते प्रथम पेशीतीलच सायक्लोफिलिन नावाच्या एका निरुपद्रवी प्रथिनाला चिकटते, आणि मग ही जोडी मिळून चालू स्थितीतल्या रासला मिठी घालते. खोबण शोधण्याची गरजच उरत नाही, आणि बाराव्या जागी कोणते आम्ल आहे याचीही फारशी अडचण पडत नाही. मात्र निरोगी पेशींनाही रास लागते, तेव्हा अंगावर पुरळ उठणे, तोंड येणे हे त्रास रोग्याला सोसावे लागतात. स्वादुपिंडाचा कर्करोग पसरलेल्या आणि पूर्वी उपचार झालेल्या रोग्यांत, नेहमीच्या रासायनिक औषधांशी त्याची तुलना करणारी मोठी परीक्षा २०२४ साली सुरू झाली. पेरुचो यांच्या शोधाला तेव्हा ३६ वर्षे झाली होती.